कृत्रिम बुबुळ बसवल्यानंतर

कृत्रिम बुबुळ बसवायचं ठरलं की घरचे एकच विचारतात, दिसेल का? मलाही तेवढंच विचारायचं होतं. आणि दिसलं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा ह्यांच्या शर्टाच्या रेघा मला दिसल्या, भिंतीवरच्या घड्याळाचे काटे दिसले. त्या आनंदाबद्दल मी इथे फार लिहिणार नाही. ज्यांच्या घरात हे ऑपरेशन व्हायचं आहे किंवा नुकतंच झालं आहे, त्यांना त्यापुढचं सांगायचं आहे. डॉक्टरांनी आम्हाला सगळं समजावलं होतं, कागदावर सहीही घेतली होती. पण त्यातून गेलेलं माणूस मला तेव्हा आमच्या भागात भेटलं नाही, आणि ती उणीव मला फार जाणवली.

मी बार्शी तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. डावा डोळा लहानपणीच गेला. माहेरी उसात पाचट काढताना पान डोळ्याला लागलं, जखमेत बुरशी धरली, डोळ्यात फूल पडलं आणि पुढे तो डोळा आकसत गेला. आमच्याकडे ऊसपट्ट्यात असे डोळे गेलेली माणसं गावोगावी आहेत. उजव्या डोळ्यावर मी शिकले, नोकरी केली, मुलं वाढवली. त्याच डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर काही वर्षांनी बुबुळ, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, सुजायला लागलं. बुबुळाच्या आतल्या बाजूला पेशींचा एक पातळ थर असतो, तो पाणी बाहेर उपसत राहतो म्हणून बुबुळ पारदर्शक राहतं. त्या पेशी कमी झाल्या आणि पुन्हा तयार होत नाहीत. नेत्रदानातून मिळालेलं बुबुळ बसवलं, ते शरीराने नाकारलं. दुसरं बसवलं, तेही पांढरं पडलं. प्रत्येक अपयशानंतर पुढचं बुबुळ टिकण्याची शक्यता कमी होत जाते. म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी हैदराबादला पाठवलं, आणि २०१९ मध्ये तिथे कृत्रिम बुबुळ बसलं.

हे काय असतं ते आधी सांगते, कारण पुढच्या सगळ्या अडचणी त्याच्या घडणीतूनच येतात. जुन्या टिचबटणाचे दोन भाग कापडाच्या दोन्ही बाजूंनी बसतात, तशी ही रचना. पुढे पारदर्शक प्लास्टिकची छोटी तबकडी आणि तिच्या पाठीमागे दांडा. त्यातूनच आपण बघतो. मागे दुसरी तबकडी, तिला भोकं असतात. दोन्हींच्या मध्ये नेत्रदानातून आलेलं बुबुळ, त्याच्या मधोमध ३ मिलिमीटरचं भोक पाडून दांडा त्यातून आरपार घातलेला. हे एकत्र जोडलेलं बुबुळ डोळ्याला टाके घालून शिवतात. म्हणजे कृत्रिम बुबुळालाही नेत्रदान लागतंच. मात्र इथे दान केलेल्या बुबुळाचं काम फक्त धरून ठेवण्याचं असल्यामुळे, साध्या प्रत्यारोपणाला न चालणारं बुबुळही यात चालू शकतं. मागच्या तबकडीची भोकं त्या बुबुळाला डोळ्यातल्या पाण्याचं पोषण मिळावं म्हणून.

अमेरिकेत बोस्टनला डॉ. क्लेस डोलमन यांनी यावर अनेक दशकं काम केलं आणि १९९२ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेने त्याला मान्यता दिली. त्याच धर्तीवरचं, पुष्कळ कमी किमतीचं बुबुळ मदुराईच्या ऑरोलॅबमध्ये बनतं. माझ्या डोळ्यात तेच आहे.

आता मुख्य गोष्ट. प्लास्टिक आणि मांस यांचा सांधा कधीच पूर्ण बुजत नाही. दांड्याभोवतीची ती बारीक कड जन्मभर जंतूंना आत यायची वाट राहते. म्हणून अँटिबायोटिकचे ड्रॉप जन्मभर. मोतीबिंदूनंतर महिना-दीड महिना ड्रॉप घालतात तसं हे नव्हे, आणि हे नातेवाइकांच्या डोक्यात शिरायला फार वेळ लागतो. "अजून ड्रॉप चालूच?" असं अजूनही कुणी कुणी विचारतं. चालूच, आणि चालूच राहणार.

माझे दोन अँटिबायोटिक आहेत. मॉक्सिफ्लॉक्सासिन कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. दुसरं व्हँकोमायसिन, त्याची डोळ्याची बाटली तयार मिळत नाही. इंजेक्शनच्या औषधापासून रुग्णालयाच्या फार्मसीत ते बनवून देतात, ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि थोड्या दिवसांत संपवावं लागतं. शिवाय थोडं स्टिरॉइड. अधूनमधून डॉक्टर बुरशीविरुद्धचेही ड्रॉप देतात, कारण सतत अँटिबायोटिक घातल्याने बुरशीला मोकळं रान मिळतं. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट जाते ती तासन्‌तास येत नाही. ह्यांनी त्यासाठी पाण्याचा थर्मास बाजूला काढून ठेवला आहे. लाइट गेली की बर्फाची पिशवी आणि बाटली त्यात. प्रवासातही तोच थर्मास. हे स्वतः साबणाने हात धुऊन, कोपरापर्यंत धुऊन, ड्रॉप घालतात आणि वहीत वेळ मांडतात. त्या वहीची डॉक्टरांनाही सवय झाली आहे, तपासायच्या आधी ते वही मागतात.

पहिली अडचण आली ती पापुद्र्याची. बुबुळाच्या मागच्या बाजूला डोळा स्वतःच एक पडदा विणू लागतो. हा त्रास या ऑपरेशननंतर सर्वांत जास्त दिसतो. माझ्या डोळ्यासमोर आधी नुसतं धूसर आलं, हिवाळ्यात पहाटे शेतावर असतं तसं. मग अक्षरं पुसट झाली. पापुद्रा पातळ असला तर याग लेसरने त्याला मधोमध भोक पाडतात. खुर्चीवर बसल्या बसल्या, भूल न देता, काही मिनिटांचं काम. पण माझा पापुद्रा आला तो २०२०च्या लॉकडाऊनमध्ये. रेल्वे बंद, जिल्ह्याच्या सीमा बंद. त्या महिन्यांत मला पेपर वाचता येईना, भाजी निवडता येईना. फोनवर डॉक्टर म्हणाले, "अम्मा, डोळा लाल नाही, दुखत नाही, तर थोडं थांबता येईल. ड्रॉप मात्र चुकवू नका." ह्यांनी रोज सकाळी खिडकीजवळ उजेडात मोबाइलवर डोळ्याचा फोटो काढून पाठवला. व्हँकोमायसिनची पंचाईत सोलापूरच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी सोडवली. हैदराबादहून कृती विचारून घेऊन त्यांनी निर्जंतुक करून बाटल्या बनवून दिल्या. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

गाड्या सुरू झाल्यावर लेसर झालं. तोवर पापुद्रा थोडा जाड झाला होता, त्यामुळे एका बैठकीत भागलं नाही. लेसर करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की नेम जरा पुढे सरकला तर प्लास्टिकवर खड्डा पडतो आणि तो भरून येत नाही. म्हणून त्या वेळी श्वाससुद्धा सावकाश घ्यायचा. लेसर जवळच कुठेतरी करून घ्यावं असं कितीही वाटलं तरी, असं बुबुळ पूर्वी हाताळलेल्या डॉक्टरांकडूनच करावं. आणि धूसर दिसतंय ना, मग वय झालं असेल, असं म्हणून अंगावर काढू नये. पापुद्रा जाड झाला तर मागच्या तबकडीची भोकं बुजतात, बुबुळाचं पोषण तुटतं आणि दुसराच प्रश्न उभा राहतो.

आता काचबिंदू. यावर मी जास्त लिहिणार आहे. कृत्रिम बुबुळ छान असूनही माणसाची नजर कायमची जाते ती पुष्कळदा यामुळे, आणि तो ना दुखतो ना लाल होतो. डोळ्यातलं प्रेशर वाढून मेंदूकडे जाणारी नस कडेकडेने वाळत येते, मधलं दिसणं मात्र बराच काळ शाबूत राहतं. त्यात या डोळ्याची खास अडचण अशी की डोळ्याचं प्रेशर मोजायची यंत्रं बुबुळ दाबून मोजतात, किंवा त्यावर हवेची फुंकर मारतात. माझ्या बुबुळाच्या जागी प्लास्टिक. ते दबत नाही, म्हणून यंत्र जो आकडा दाखवेल त्याला काही अर्थ नाही. आमच्याकडच्या एका ठिकाणी मी चष्म्यासाठी गेले होते. तिथल्या मुलाने हनुवटी टेकवायला लावून फुंकर मारली, आकडा येईना म्हणून पुन्हा मारली, आणि शेवटी आलेला आकडा कागदावर लिहून "प्रेशर नॉर्मल" असं दिलं. मी कागद घेतला नाही. त्या मुलाला शिकवलेलंच नव्हतं, पण असा कागद हातात पडलेला दुसरा पेशंट वर्षभर निर्धास्त राहिला असता.

मग प्रेशर कसं बघतात? बोटांनी. डॉक्टर मला खाली बघायला सांगतात, वरच्या पापणीवर दोन्ही तर्जन्या ठेवतात आणि आलटून पालटून हलकेच दाबतात. बोटाखाली डोळा किती घट्ट लागतो त्यावरून अंदाज. त्यासाठी तयार बोटं लागतात. आमच्या डॉक्टर मॅडमनी एकदा शिकाऊ डॉक्टरांना ओळीने माझा डोळा दाबून बघायला लावला आणि प्रत्येकाचा अंदाज वेगळा आला. मग त्यांनी समजावलं की म्हणूनच बोटांवर एकट्यावर विसंबायचं नाही. नसेचा फोटो, नसेच्या थराची जाडी मोजणारं स्कॅन आणि नजरेचं क्षेत्र, हे सगळं मागच्या वेळच्याशी ताडून बघायचं. क्षेत्राच्या तपासणीत अर्धगोलात डोकं घालून बसायचं, ठिपका चमकला की बटण दाबायचं. कंटाळवाणं असतं, मान अवघडते. पण माझा काचबिंदू तिथेच सापडला. मला स्वतःला काहीच कळलं नव्हतं, मी तर मजेत शिवणकाम करत होते.

आधी ड्रॉप वाढवले. मग डायमॉक्सच्या गोळ्या. त्यांनी हातापायाला मुंग्या येतात, सोड्याच्या पाण्याची चव बदलते, जेवण जात नाही, आणि रक्तातलं पोटॅशियम कमी होतं. नारळपाणी आणि केळं खाल्लं तरी रक्त तपासून घ्यावंच लागतं. या गोळ्या फार काळ चालवायच्या नसतात. शेवटी डोळ्यात नळी बसवायचं ठरलं. डोळ्यातलं जास्तीचं पाणी एका बारीक नळीतून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, वरच्या पातळ आवरणाखाली बसवलेल्या छोट्या पत्र्याकडे वळवतात. नळीवर नेत्रदानातल्याच डोळ्याच्या पांढऱ्या भागाचा तुकडा शिवतात, म्हणजे ती घासून वर येऊ नये. माझ्या एका डोळ्यात आता किती जणांनी मरणानंतर दिलेला ठेवा आहे, याचा विचार मी पुष्कळदा करते. त्या घरांची नावं मला कधी कळणार नाहीत.

नळीने प्रेशर उतरलं. जी नस आधी वाळली ती परत येत नाही. खालच्या बाजूला मला आता थोडं कमी दिसतं, जिन्याची पायरी पायाने चाचपते. डॉक्टरांनी वेळेवर पकडलं म्हणून मधलं राहिलं. बऱ्याच ठिकाणी काचबिंदू आधीपासून असेल तर नळी बुबुळाबरोबरच किंवा त्याआधी बसवतात. ज्यांचं ऑपरेशन व्हायचं आहे त्यांनी हे डॉक्टरांना आवर्जून विचारावं.

नळीमुळे एक नवीनच गोष्ट झाली, लेन्स बसेना. कृत्रिम बुबुळावर एक मोठी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स दिवसरात्र असते. नंबरासाठी नव्हे, प्लास्टिकच्या कडेचं बुबुळ वाऱ्याने सुकू नये म्हणून. ते सुकलं की झिजतं. पत्र्याच्या उंचवट्यावर लेन्स टेकली की सरकायची. एका पहाटे ती उशीवर सापडली, कडक होऊन कुरकुरीत झालेली. तिथून उचलून धुऊन परत घालायची नाही, हे आम्हाला माहीत होतं. ओलाव्याचे ड्रॉप पुन्हा पुन्हा घालत, गॉगल लावून, पंख्याचा वारा टाळून आम्ही हुसेनसागर एक्स्प्रेस धरली. मॅडमनी वेगवेगळ्या वक्रतेच्या लेन्स लावून बघितल्या. प्रत्येक लेन्स लावली की दिव्याखाली बसवून म्हणायच्या, "पापणी मिटा, उघडा, वर बघा, नाकाकडे बघा," आणि लेन्सच्या कडेला बुडबुडा धरतो का ते बघायच्या. शेवटी आणखी मोठ्या व्यासाची बसली. तेव्हापासून घरात एक जादा लेन्स सीलबंद ठेवलेली असते आणि ती सोलापूरचे डॉक्टर लावून देतात. लेन्स ठराविक महिन्यांनी बदलताना डोळा पोव्हिडोन आयोडीनने धुतात. चुरचुरतं खरं, पण ते टाळू नये.

इन्फेक्शनची धास्ती मला कायम असते. लाल होणं, दुखणं, चिपडं येणं, नजर एकदम उतरणं, यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी डॉक्टर. मला एकदा सकाळी उठल्यावर समोरचं सगळं दुधाळ दिसलं. दुखत नव्हतं, फारसं लालही नव्हतं. सोलापूरला धावलो, तिथून हैदराबादला फोन, आणि त्याच रात्री भाड्याच्या गाडीने निघालो. तिथे डोळ्याच्या आतलं पाणी तपासायला काढून आतच अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं. तपासणीत जंतू वाढले नाहीत. या बुबुळात कधी कधी जंतूंशिवायही आत सूज येते आणि ती न दुखता येते. तिला स्टिरॉइड लागतं. पण जंतू नाहीत हे ठरेपर्यंत जंतू आहेत असंच धरून उपचार करतात, कारण उलट केलं आणि जंतू निघाले तर एका-दोन दिवसांत डोळा हातचा जातो. माझी नजर हळूहळू परत आली. त्या रात्री गाडीत हे काहीही बोलले नाहीत, फक्त वहीत लिहिल्याप्रमाणे वेळेवर गाडी थांबवून ड्रॉप घालत राहिले.

रुग्णालयाच्या बाकावर माणसं भेटतात. नांदेडकडचा एक मुलगा होता, तापाच्या गोळीची रिअ‍ॅक्शन होऊन अंगाची कातडी सोलली आणि दोन्ही डोळे कोरडेठाक पडलेला. स्टीव्हन्स-जॉन्सन म्हणतात त्याला. अशा कोरड्या डोळ्यात माझ्यासारखं बुबुळ फार काळ टिकत नाही. त्याची आई चेन्नईला जायची तयारी करत होती. तिथे शंकर नेत्रालयात पेशंटचाच दात आणि त्याभोवतीचं हाड घेऊन त्यात भिंग बसवतात आणि ते डोळ्यात रोवतात. हे सांगायचं कारण असं की कुणाला कोणतं बुबुळ टिकेल हे डोळा कशाने गेला त्यावर ठरतं. माझं इतकी वर्षं टिकलं म्हणून शेजारच्याचं टिकेलच असं नाही, आणि त्याचं निघालं म्हणून तुमचंही निघेल असंही नाही.

आता बार्शी, पंढरपूर, कुर्डुवाडीकडून कुणी कुणी फोन करतात. मी आधी विचारते की घरात फ्रिज आहे का, दिवसभर ड्रॉप घालायला माणूस आहे का, त्याच्या गैरहजेरीत दुसरं कोण घालेल, आणि रात्री-अपरात्री निघायची वेळ आली तर गाडी कुणाची. याची उत्तरं आधी ठरवून मगच तारीख घ्या असं मी सांगते. ऑपरेशनचा खर्च ट्रस्टमधून, योजनेतून निघू शकतो. पुढचा जन्मभरचा ड्रॉप, लेन्स आणि प्रवासाचा खर्च घरालाच उचलावा लागतो, तोही धरून चाला. माझ्या पर्समध्ये एक कार्ड असतं. त्यावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून घेतलं आहे: उजव्या डोळ्यात कृत्रिम बुबुळ आणि काचबिंदूची नळी आहे, यंत्राने प्रेशर मोजू नये, लेन्स काढू नये, डोळा दाबून पट्टी बांधू नये, आणि खाली हैदराबादचा फोन. आमच्या तालुक्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना मी स्वतः जाऊन ते कार्ड दाखवून आले. दोघांनी तरी खुर्ची पुढे ओढून नीट डोळा बघितला, प्रश्न विचारले. असे पेशंट आता खेडोपाडी परतताहेत, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांना हे दाखवण्याची सोय मोठ्या रुग्णालयांनी करायला हवी.

सध्याचं सांगते. गेल्या तपासणीत दांड्याच्या खालच्या अंगाला दान केलेलं बुबुळ पातळ झालेलं दिसलं. पिवळा रंग घालून निळ्या दिव्याखाली बघितलं. पाणी झिरपत असतं तर रंग ओघळला असता, तो ओघळला नाही. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे उन्हात जायचं नाही, अंगावर चट्टे येतात. ओलाव्याचे ड्रॉप वाढवले आहेत. झीज थांबली तर ठीक. नाही थांबली तर त्या जागी बुबुळाचा तुकडा शिवायचा, किंवा सगळंच काढून नव्या बुबुळावर पुन्हा बसवायचं. मॅडमनी विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. नेत्रपेढीत नाव नोंदवून ठेवलं आहे, आणि पुढच्या महिन्याची तारीख मिळाली आहे.